रजिस्टरनं आलेला कागद

लोणावळा, ता. ११ जानेवारी १९३२

नंदाबाईंस महिपतीचा नमस्कार.

मळवलीच्या फलाटावर तुम्ही पिशवीतून व्याकरणाचं पुस्तक काढलंत, एका शब्दावर बोट ठेवलंत आणि मला विचारलंत, "हे क्रियापद का विशेषण? मला धड कळंना झालंय." त्या क्षणी माझं सगळं पालटलं. पुण्याची गाडी आली, उभी राहिली, गेली. मी चढलो नाही. माझी ट्रंक मात्र हमालानं आधीच चढवली होती, ती एकटीच कॉलेजला गेली.

आता कॉलेजही सुटलं. तिथल्या एका प्राध्यापकांशी माझं वाजलंच होतं. सगळ्या वर्गासमोर मला 'भाताच्या खाचरातले विद्वान' म्हणाले, आणि मी त्यांच्या टेबलावर असा हात आपटला की दौत सांडली. घरी वडील बोलत नाहीत. लोणावळ्यात एका हॉटेलात टाइपरायटरवर पाहुण्यांची पत्रं बडवायचं काम धरलंय आणि बाजारामागे माडीवर एक खोली घेतलीय. मला पश्चात्ताप नाही.

अक्का तुमच्या घरात दिल्यापासून तुम्हाला पाहतोय, पण माझ्या बहिणीची नणंद यापलीकडे मी कधी पाहिलंच नव्हतं. जूनमध्ये पुण्याच्या दवाखान्यात नर्सच्या वर्गाला बसण्यासाठी तुम्हाला इंग्रजीची चाचणी द्यायची आहे, आणि "पास झालीस तर जा" असं तुमच्या वडिलांनी, आबांनी, कबूल केलंय, हे अक्काकडून कळलं. ती पास करून द्यायची जबाबदारी माझी. धडे अक्काच्या पत्रात घालून पाठवीन.

आता तुमचा प्रश्न. 'द वॉटर इज रनिंग.' पाणी काय करतंय? वाहतंय. इथं 'रनिंग' हा क्रियापदाचा भाग. 'रनिंग वॉटर.' कसलं पाणी? वाहतं पाणी. इथं तोच शब्द नामाला चिकटला, विशेषण झाला. तसंच 'द कॅट हॅज ब्रोकन द पॉट' म्हटलं की मांजरानं केलेली करणी. 'अ ब्रोकन पॉट' म्हटलं की फुटका माठ; मांजर त्यात कुठंच नाही. शब्दाला 'कसला, कसली, कसलं' असं विचारा. उत्तर आलं तर विशेषण. धातूपासून झालेलं, म्हणून धातुसाधित.

सोबतची वाक्यं सोडवून पाठवा.

महिपती


बेडसे, ता. २४ जानेवारी १९३२

महिपतराव यांस नंदाचा नमस्कार.

वाक्यं सोडवून पाठवली आहेत. दोन ठिकाणी अडले, तिथं फुली केली आहे.

तुमचा नियम घरभर लावून पाहिला. कसलं दूध? उकळतं. कसली साळ? वाळवलेली. कसली म्हैस? लाथा मारणारी. वहिनी म्हणाल्या, "अवो वन्सं, म्हशीला कशापायी इंग्रजी शिकवताय, ती मराठीतच ऐकंना."

एक विचारायचं होतं. नवऱ्यानं दुसरी केली आणि मला आणून सोडलं, तेव्हापासून गावात मला 'टाकलेली' म्हणतात. आबांच्या नावानं, अंबाजीची टाकलेली. कसली लेक, तर टाकलेली. म्हणजे हे तुमचं विशेषणच झालं. पण तुम्ही मांजराचं लिहिलंत तसं इथं होतं. टाकलं कोणी, ते त्यात कुठंच येत नाही. फुटका माठ म्हटल्यावर मांजर सुटलं. हे इंग्रजीतही असंच चालतं काय?

आणखी एक. कॉलेज माझ्यामुळे सुटलं असं वाटेल असं काही लिहू नका. मी फक्त एक शब्द विचारला होता. टेबलावर हात तुम्ही आपटलात.

आबांनी शब्द दिलाय, पण त्यांचं मन वाऱ्यावरचं. काही वाकडं घडलं की म्हणतील, बस घरात. म्हणून जूनपर्यंत या घरात काही वाकडं घडू नये, एवढंच मी रोज मागते.

नंदा


लोणावळा, ता. ७ फेब्रुवारी १९३२

नंदाबाई,

तुमचं पत्र किती वेळा वाचलं ते सांगत नाही. वाक्यं सगळी बरोबर. फुलीची दोन्हीही बरोबर, उगाच भ्यालात.

होय, इंग्रजीतही असंच चालतं. आणि त्या मांजराचं नाव-गाव मला कळवा. चिंचवडाकडे आहे म्हणतात. एक दिवस जाऊन त्याला असा धरतो की त्याच्यावरच दोन-चार धातुसाधितं तयार होतील, सुजलेला, सडकलेला.

धडा दुसरा. 'टायरिंग' आणि 'टायर्ड'. 'टायरिंग वर्क' म्हणजे दमवणारं काम. 'अ टायर्ड वूमन' म्हणजे दमलेली बाई. जे करतं त्याला 'इंग', ज्याला होतं त्याला 'ईडी'. आणखी एक खूण, 'व्हेरी' लावून पाहा. 'व्हेरी टायर्ड' म्हणता येतं, म्हणजे विशेषण.

खालची वाक्यं मराठीत करा.

अ वेटिंग मॅन स्टँड्स ॲट द स्टेशन.
ही हॅज अ बर्निंग हार्ट.
द स्माइलिंग गर्ल डज नॉट सी हिम.

गेल्या रविवारी मी मळवलीच्या फलाटावर होतो. उगाच. बेडशाचं कोणी आलं नव्हतं.

महिपती


बेडसे, ता. २ मार्च १९३२

चिरंजीव महिपतीस लीलाबाईचा आशीर्वाद. वहिनी सांगतात तसं लिहिते आहे. अक्षर माझं, बोलणं त्यांचं. नंदा.

अरं महिपत्या, बरा हाईस का? जेवतोस का न्हाई? आपलं आप्पा अजून घुश्श्यात हाईत, पर तुजं नाव निघालं की उठून जात न्हाईत, बसत्यात. म्हंजी उतरतंय.

तुज्यावर माजं लक्ष हाय बरं का. टपालवाला इचारतो, बहिणीला एवढं जाडजूड काय लिवतो भाऊ? काय सांगू त्येला? आन् ह्या वन्सं भाकरी थापता थापता "वेटिंग मॅन, वेटिंग मॅन" म्हनत्यात. म्या इचारलं, वेटिंग म्हंजी काय वो? म्हनल्या, वाट बगनारा. कोन रं बाबा वाट बगतोय? लिवा वन्सं, थांबू नगा, मी बोलते तसंच लिवा. कोन वाट बगतोय त्ये मला कळू दे. मला ह्या घरात उभं ऱ्हायाचंय. तुजा राग नाकावर आन् तुजं मन तळहातावर, लहानपनापासनं तसंच हाय. शिकीव, पर नीट शिकीव. आता पाकीट पातळ धाड.

लीलाबाई

(खाली माझं. वहिनींनी सांगितलं ते सगळं लिहिलं, गाळलं नाही. तिन्ही वाक्यं मराठीत केली आहेत. व्याकरण कळलं. धडे पाठवा, पण धडेच पाठवा. नंदा.)


लोणावळा, ता. ६ मार्च १९३२

नंदाबाईंस,

ठीक आहे. धडेच.

'इंटरेस्टिंग बुक', रंजक पुस्तक. 'लॉस्ट की', हरवलेली किल्ली. 'क्लोज्ड डोअर', बंद दार. पाठ करा.

महिपती


बेडसे, ता. १६ एप्रिल १९३२

महिपतराव,

हे पत्र मी वहिनींना न सांगता लिहिते आहे. घाबरले आहे म्हणून.

परवा टपालवाला आबांच्या नावाचं रजिस्टर घेऊन आला. आबांचा अंगठा घेतला. जाड पाकीट, वर लाखेचे पाच ठसे, छापल्यासारखी इंग्रजी अक्षरं. माझ्या आत्याचं गाव धरणाच्या पाण्यात गेलं ते तुम्हाला ठाऊक आहे. तेव्हा पहिल्यांदा असाच कागद आला होता, रजिस्टरनं, लाख लावून, इंग्रजीत. तेव्हापासून इंग्रजी रजिस्टर म्हटलं की आमच्याकडे चूल पेटत नाही. घरात मराठी पत्र आलं की "नंदे, वाच" म्हणून माझ्या हातात देतात. हे मात्र मला कोणी शिवू दिलं नाही. मी म्हणाले, "आबा, मला थोडं लागतंय इंग्रजी." आबा म्हणाले, "ह्यो पोरींचा धडा न्हाई." बजरंगकाका आणि दोघेजण बरोबर घेऊन ते थेट तुमच्याकडे आले.

मग परत आले. बजरंगकाका म्हणाले, "जमिनीची मोजणी लागली. महिपतीनं वाचलं." वहिनी रडत आहेत. माझा दादा रेल्वेच्या कामावरून रजा काढून आला आहे.

तुम्ही वाचलंत म्हणून तुम्हालाच विचारते. नक्की काय लिहिलं आहे? कोणत्या कचेरीचा आहे? किती जमीन? आबांनी पाकीट कणगीवर ठेवलंय आणि कोणाला हात लावू देत नाहीत.

नंदा


लोणावळा, ता. २० एप्रिल १९३२

नंदाबाईंस,

घाबरू नका. मोजणीचा साधा कागद आहे. तारीख नाही, जमिनीचा आकडा नाही. असे कागद निघतात आणि तसेच राहतात. आबांना म्हणावं, पाकीट असू द्या तसंच, उघडून पाहण्याजोगं त्यात काही नाही. तुम्हीही त्यात पडू नका, ते कायद्याचं इंग्रजी असतं, तुम्हाला लागणार नाही. चाचणीकडे लक्ष द्या.

धडा सध्या पाठवत नाही. कामाची गर्दी आहे.

महिपती


बेडसे, ता. २ मे १९३२

महिपतराव,

लागलं इंग्रजी.

कसं ते सांगते. आबांनी ठरवलं की जमीन जाणार, मग टाकलेल्या लेकीला कोण विचारणार? जमीन आहे तोवरच हिचं कुठंतरी लावून द्यावं. सोडचिठ्ठी झालेलीच आहे. नाणे मावळातले हौशीराम म्हणून आहेत, बायको गेलेली, तीन मुलं, वयानं आबांहून थोडे लहान. पाट लावायचा. चाचणीचं मी काढलं तर आबा म्हणाले, "त्ये तवाचं बोलणं. तवा पायाखाली जमीन हुती."

काल हौशीराम दोन माणसं घेऊन बघायला आले. बोलता बोलता म्हणाले, नोटीस खरंच आलीय का बघू. आबांनी हाक मारली, "नंदे, कणगीवरचं पाकीट आण."

तेव्हा ते पहिल्यांदा माझ्या हातात आलं. माजघरात उभी राहून मी कागद बाहेर काढला, आणि पहिल्याच ओळीत माझं नाव.

बाहेर माणसं बसलेली. मी कागद घडी करून नेऊन दिला. काय करणार होते? हौशीरामांनी तो उलटा धरला. बराच वेळ वाचल्यासारखा पाहिला. म्हणाले, "व्हय. आमच्या भावकीला पन असलाच आला हुता. ह्यातनं काय सुटका न्हाई." आबांनी मान हलवली. त्यांच्यापुढं मी कप मांडत होते, आणि तुमचं 'डिअरेस्ट नंदा' त्यांच्या हातात उलटं लटकत होतं. महिपतराव, मला त्या वेळी जमिनीनंच गिळावं असं झालं. मी काहीही केलं नव्हतं, तरी लाज मला.

दुपारी सगळे निजल्यावर सगळा कागद वाचला. चार पानं. सवयीनं पेन्सिल हातात होती, तर धातुसाधितं खुणावत गेले. 'बर्निंग' खुणावलं. 'ट्रेंबलिंग' खुणावलं. 'स्लीपलेस' सोडलं, ते साधं विशेषण. मग तिसऱ्या पानावर आलं, 'माय पुअर फरसेकन वूमन'. तो शब्द पुस्तकातल्या कोशात पाहिला. टाकलेली. माझी गरीब टाकलेली बाई. गाव म्हणतं ते तुम्ही टाइप करून, लाख लावून धाडलंत. त्यावर पेन्सिल नाही लावली.

मी तुमच्याकडे आशेनं बघितलं नव्हतं. मला शब्द अडला होता आणि तुम्हाला येत होता, एवढंच. 'धडेच पाठवा' हे मी स्पष्ट लिहिलं होतं. आणि ते पाकीट तुम्ही लिहिलंत याचा मला तेवढा राग नाही, माणूस वेडं लिहितो. पण आबा तुमच्या दारात उभे असताना तुम्ही त्यांना त्यांची जमीन जाते असं सांगितलंत. आणि मग मला लिहिलंत, त्यात पडू नका.

मी सांगून चालणार नाही. म्हणतील, पाट टाळायला पोरगी इंग्रजीचं सोंग करते. तुमच्याच तोंडून त्यांनी ऐकलं, तुमच्याच तोंडून पालटायला हवं.

गुरुवारी सकाळी हौशीरामांची माणसं सुपारी फोडायला येणार. त्याआधी या. सगळ्यांसमोर कागद वाचा, मराठीत. माझं नाव येतं तिथं थांबू नका, आणि मी यातलं काही मागितलं नव्हतं हेही सांगा. ते नीट सांगितलं नाहीत तर बोल माझ्यावर आणि वहिनींवर येईल. वहिनींना अजून काही माहीत नाही. काल माझी वेणी घालताना म्हणत होत्या, "माझा भाऊ होता म्हून कागद तरी कळला."

पुढचे धडे पाठवू नका. पुस्तक माझ्याजवळ आहे. बाकीचं माझं मी करीन.

नंदा


लोणावळा, गुरुवार, ता. ५ मे १९३२, पहाट

नंदाबाईंस,

तोंडानं हे तुमच्यासमोर यायचं नाही म्हणून लिहून घेतो. आल्यावर अक्काच्या हातात देईन.

तुमचं 'धडेच पाठवा' वाचून माझं डोकं फिरलं होतं. मला वाटलं, ते अक्कानं तुमच्याकडून लिहवून घेतलं. म्हणून अक्काच्या पाकिटाचा रस्ता सोडला. हॉटेलातल्या टाइपरायटरवर चार पानं बडवली, कारण माझ्या अक्षराला पुस्तकाची ऐट नाही. बाईमाणसाच्या नावानं रजिस्टर आलं तर गावभर होईल म्हणून आबांचं नाव घातलं. घरातलं प्रत्येक पत्र तुमच्याच हातात वाचायला येतं, मग हेही येईल, आणि इंग्रजी म्हणून दुसऱ्या कोणाला कळणार नाही, असा माझा हिशेब. लाखसुद्धा मीच लावली, पाचही ठसे, मोठ्या प्रेमानं. मी मावळातच वाढलो, तुमच्या आत्याचं गाव कसं गेलं ते मला ठाऊक आहे, तरी इंग्रजी लाखेचं पाकीट तुमच्या दारात काय होऊन येईल हे मला सुचलं नाही.

दार वाजलं तेव्हा मला वाटलं, तुमचं उत्तर आलं. बाहेर आबा, बजरंगभाऊ आणि दोघे. आबांनी धोतराच्या सोग्यातून पाकीट काढलं. "महिपती, तू हाईस म्हून बरं. वाच बाबा."

मी माझीच लाख फोडली.

"काय हाय?"

"काही नाही आबा."

बजरंगभाऊ पुढं सरले. "रजिस्टर करून, लाख लावून, काय न्हाई असं कोन धाडतं व्हय? आमी अडानी असू, पर येडं न्हाई."

चौघंजण माझ्या तोंडाकडे बघत होते. खरं सांगायला मला दोन शब्द पुरले असते, 'माझंच आहे'. ते दोन शब्द निघाले नाहीत. निघालं ते, "मोजणीचं आहे."

"तारीख?"

"तारीख नाही."

आबा खाली बसले. म्हणाले, "माज्या बहिनीच्या पयल्या कागदात पन तारीख नव्हती."

मी पाकीट ठेवून घेऊ पाहिलं. बजरंगभाऊंनी हातातून ओढून घेतलं, "सरकारी कागद हातचा सोडू ने." आणि निघताना आबांनी पिशवी पुढं केली. आंबेमोहोर, नवा. "आमच्यात येक शिकलेला हाय म्हून अंधारात न्हाई ऱ्हायलो," म्हणाले आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. मी डोकं मागं घेतलं नाही. तो भात मी शिजवून खाल्ला. सगळा. वास खोलीत राहायचा आणि मी खायचो.

तारीख नाही म्हटलंय, तेव्हा काही होणार नाही, विसरतील, अशी मी माझी समजूत घातली. तुमचं सोळा तारखेचं पत्र आलं तेव्हाही सुधारता आलं असतं. तेव्हा मी तुम्हाला कायद्याच्या इंग्रजीचं ऐकवलं.

मला आजवर रागावर सगळं जमत आलं. टेबलावर हात आपटणं सोपं होतं, गाडी सोडणंही सोपं. आज राग शोधतोय तर कोणाचाच येत नाही. हौशीरामांचाही नाही, ते बिचारे खोट्या कागदावर खरे आले आहेत.

'फरसेकन' मीच लिहिलं, तेही आज सगळ्यांसमोर वाचीन.

करणार ते असं. आबांकडून कागद मागून घेईन. माणसं बसलेली असताना सगळा वाचीन, तुम्ही म्हणालात तसा, मराठीत. लाजेनं जीभ अडली तरी पुढची ओळ वाचीन. शेवटी सांगेन की हा माझा कागद, मोजणी माझी थाप, नंदाबाईंनी यातलं काही मागितलं नव्हतं, त्यांनी मला धडेच पाठवायला बजावलं होतं; तुमचं ते पत्र खिशात घेतलंय, दादा वाचून खात्री करून घेतील. आबांनी चाचणीला जायचा शब्द जमीन असताना दिला होता, आणि जमीन आहे, हेही त्यांना तिथंच म्हणेन. मग ते मारोत, बजरंगभाऊ मारोत, मी हात उचलणार नाही. अक्काकडे बघायची हिंमत होईल की नाही ठाऊक नाही. तिला आधी कळवलं नाही. कळवलं असतं तर ती रडली असती आणि तिच्या रडण्याचं निमित्त करून मी थांबलो असतो.

तुमच्याकडे माझं आता काही मागणं नाही. माफीचंही नाही.

अर्धा तास झाला, कोट घालून लिहितोय. जिन्यावर कोणाचं पाऊल वाजलं की वाटतं, आजही कोणीतरी येऊन माझ्याऐवजी काहीतरी ठरवून टाकेल. कोणी येत नाही.

महिपती

(पेन्सिलीनं, जिन्यात उभा राहून: बाहेर आलो. दार लावलं.)